वेलाला मनी लागेपर्यंत

नायगावच्या ज्या भाड्याच्या घरात आम्ही लग्नानंतर राहायला गेलो, त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेर काढलेली लोखंडी ग्रिल होती. आधीचे भाडेकरू त्या ग्रिलमध्ये तेलाचा एक पत्र्याचा डबा मातीसकट टाकून गेले होते. मातीत काहीच उगवलेलं नव्हतं. फेकायचा तर तीन जिने उतरायचे, म्हणून मी तो तसाच राहू दिला. जूनच्या मध्यावर त्या मातीतून एक जांभळट कोंब निघाला आणि आठवड्याभरात ग्रिलच्या गजाला वेटोळं घालून वर चढला.

पान तळहाताएवढं, बदामाच्या आकाराचं, देठाशी खोल खाच. शिरा इतक्या ठळक की बोटाला लागायच्या. नवरा म्हणाला, "रताळं असेल." तो साताऱ्याकडचा, त्याला मातीतून आलेलं सगळं रताळंच वाटायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खालून मान वर करून म्हणाल्या, "विड्याचं पान असणार." मी एक पान वहीत घालून शाळेत नेलं आणि विज्ञानाच्या सरांना दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "फूल येऊ द्या, मग सांगतो." स्टेशनजवळच्या रोपवाल्याने तर हातातही घेतलं नाही. "शो का है," एवढंच बोलला.

मी तेव्हा एका खाजगी शाळेत मराठी शिकवायचे. संध्याकाळी घरी शिकवण्या. बी.ए., मराठी विषय घेऊन, दुसरा वर्ग. आमच्या गावात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, ना मुलगी ना मुलगा. हे मी तेव्हाही मान वर करून सांगायचे आणि आजही सांगते. फक्त गाव कुठलं, ते सांगत नव्हते.

गाव खाडीकाठचं, मिठागराचं. आई-बाप मिठागरावर, सुट्टीत मीही. आमच्या बोलीत ण नाही. पानी, लोनी, कोन, आनि. मला पंधरा-सोळा वर्षं त्यात काही कमी आहे असं वाटलं नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गात उभं राहून धडा वाचायची पाळी आली आणि दुसऱ्याच ओळीत मागचा बाक फिसकन हसला. सर चांगले होते. त्यांनी हसणाऱ्यांना दटावलं आणि मला शब्द पुन्हा म्हणायला लावला. पुन्हा. पुन्हा. पुढचे तीन महिने मी घरी जाताना बांधावरून एकटी बोलत चालायचे: पाणी, लोणी, कोण, आणि. जीभ मागे वळवायची, टाळूला टेकवायची, सोडायची. मग कुणाला ओळखू येईना.

बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं, "टीचर, तुम्ही मूळच्या कुठल्या?" की मी म्हणायचे, "वसईच्याच." खोटं नव्हतं, गाव वसई तालुक्यातलंच. पुढचं लोक आपापल्या मनाने भरून घेत आणि मी भरू देत असे. पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंतची मुलं माझ्याकडे शुद्धलेखन शिकायला येत होती. ज्या बाईच्या घरीच ण नाही तिच्याकडे कोण पाठवील, ही माझी भीती. ती खरी होती की नव्हती, मला आजही माहीत नाही. मी कधी तपासून बघितली नाही.

आषाढात आय घराच्या ओल्या पायरीवरून घसरली. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. गावच्या घरी संडास लांब, दवाखाना त्याहून लांब, म्हणून भावाने तिला माझ्याकडे आणलं. लिफ्ट नव्हतीच. चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला वर आणलं. लेकीच्या घरी राहायचं तिच्या जिवावर आलं होतं. दारात खुर्ची टेकली तेव्हा ती पहिल्यांदा एवढंच म्हणाली, "आते उतरायची कशी मी?"

तिची खाट मी स्वयंपाकघरात खिडकीशी लावली. बाहेरच्या खोलीत शिकवणी असते, हे सांगायचं कारण. दुसरं कारण तिलाही कळलं असणार. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "आय, कुणी आलं-गेलं तर तू आपली पडून राहा. डॉक्टरांनी फार बोलायला नको सांगितलंय."

तिने माझ्याकडे बघितलं. "पाय मोडलाय, बाय. तोंड नाय."

मी भांडी घासायला घेतली. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "बरं."

आणि तिने ते पाळलं. बिल्डिंगमधल्या बायका शिरा, लापशी घेऊन भेटायला आल्या तर ती हसायची, हात जोडायची, डोळे मिटून घ्यायची. "बिचाऱ्या फार शांत आहेत हो," वहिनी म्हणाल्या. माझी आय शांत! मिठागराच्या एका टोकाला उभी राहून दुसऱ्या टोकाच्या बाईला ओरडून शिव्या देणारी आणि तिथून परत आलेल्या शिव्यांवर पोट धरून हसणारी बाई ती. तिला मी सहा फुटांच्या खाटेवर, गजांसमोर ठेवलं होतं.

तिथून तिला दिसायचं काय? समोरच्या बिल्डिंगची भिंत आणि तो वेल.

तिने वेल ताब्यात घेतला. मला सुतळी आणायला लावली, पडल्या पडल्या गाठी मारल्या आणि मला सांगून गजांना आडव्या-उभ्या बांधून घेतल्या. रोज पाणी घालू दिलं नाही. "दोन दिसांनी तांब्याभर. त्याला बुडवतंस क काय?" चुलीची राख नव्हती म्हणून हळहळली. मासळी धुतल्याचं पाणी घाल म्हणाली. ते मी वहिनी बाजाराला गेल्या की घालायचे, कारण त्यांच्या घरी अंडंसुद्धा चालत नव्हतं आणि त्यांची ग्रिल बरोबर आमच्या खाली होती.

"आय, हे आहे काय पण?"

"कंदाचा येल हाय."

"कुठला कंद?"

तिने वेलाचा दांडा अंगठा आणि बोटात धरून फिरवला. "गोल हाय. कोनफलाच्या दांड्याला धारा असतात. म्हंजे कोनफल नाय. करांदा असल. नायतर कडू करांदा."

"दोन्हींत फरक काय?"

"एक खातात, एक नाय खात. पान सारखंच." तिने वेल सोडून दिला. "मनी लागूं दे. मंग सांगन."

मनी म्हणजे मणी. करांद्याच्या वेलाला पानाच्या बगलेत छोट्या बटाट्यासारख्या गाठी धरतात, त्यांना ती मणी म्हणत होती. आधी मोहरीएवढे, मग बोराएवढे, मग लिंबाएवढे. ते लागले की नखाने खरवडून, जिभेला लावून ती सांगणार होती. विज्ञानाच्या सरांपेक्षा मला हे उत्तर पटलं. मीही वाट बघायला लागले.

श्रावणात एका दुपारी वहिनी आल्या. मी चहा गाळत होते. खाटेशी स्टूल ओढून बसल्या आणि वेलाकडे बघून सहज म्हणाल्या, "आजी, तुम्हाला माहितीये का हो हा कसला वेल?"

तीन आठवडे आय गप्प होती. पण हा प्रश्न तब्येतीचा नव्हता, वेलाचा होता. तिला राहवलं नाही.

"मनी लागूं दे," ती म्हणाली. "मंग सांगन."

वहिनींनी टाळी वाजवली. "मनीच ना! मी ह्यांना म्हणतच होते, मनी प्लांटच आहे म्हणून. हे म्हणे, त्याची पानं लहान असतात. बघा, आजींनी ओळखलं!"

मी गाळणं हातात धरून उभी. एक वाक्य पुरलं असतं. वहिनी, आमच्याकडे मण्याला मनी म्हणतात. एवढंच. पण त्या वाक्यात 'आमच्याकडे' होतं.

"त्याच जातीतला आहे," मी म्हटलं आणि कप पुढे केला.

आयने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. वहिनी गेल्यावर मात्र ती अशी हसली की प्लास्टरमधला पाय हलून कळ आली, आणि कळ आल्यावरही हसत राहिली. "येलाला पैसा लागतोय क, बाय? सांग ना तिला!"

"सांगते."

"कधी?"

"सांगते म्हटलं ना."

नाही सांगितलं. आणि न सांगितलेली गोष्ट जिन्यावरून माझ्याआधी उतरायला लागली. चौथ्या मजल्यावरच्या बाई येऊन बघून गेल्या. तळमजल्यावरचे काका पाण्याचा टँकर आला की बादली खाली ठेवून विचारायचे, "काय टीचर, लागले का मनी?" मी हसायचे. हसलं की त्यांना वाटायचं मला विनोद आवडला, म्हणून ते दुसऱ्या दिवशीही करायचे. वेल तर असा माजला होता की ग्रिलमध्ये मावेना. गजांतून बाहेर पडून खाली वहिनींच्या खिडकीपर्यंत लोंबला. येणारा-जाणारा मान वर करून बघायचा. मला वाटायचं, सगळी बिल्डिंग आमच्याच खिडकीकडे बघतेय आणि आत खाटेवर ती आहे, जिने एकदा तोंड उघडलं की संपलं.

भाद्रपदात प्लास्टर बदललं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने. आयने ते शांतपणे ऐकलं. घरी परत आणून खाटेवर ठेवल्यावर म्हणाली, "जेलात पन भेटायला येनाऱ्याशी बोलूं देतात."

मी ऐकलं नाही असं केलं.

नवरात्राच्या सुमारास मणी धरले. तिनेच पहिल्यांदा पाहिले, खाली लोंबणाऱ्या फांदीवर. वरच्या पानांत एकच दिसत होता, वाटाण्याएवढा. खालच्या फांदीवर मात्र ओळीने, बोराएवढे, तपकिरी, अंगावर बारीक ठिपके. माझा हात तिथपर्यंत पोचत नव्हता. ती रोज मोजायची. "सात. अजून चार दिस जाऊं दे, मोठा होऊं दे, मंग येल वर ओढ."

तिसऱ्या दिवशी शिकवणी चालू होती. सहा मुली चटईवर बसल्या होत्या आणि मी शुद्धलेखन सांगत होते. 'गणेशने पाणी आणून रांजण भरला' असलं काहीतरी, मुद्दाम ण-न घातलेलं. आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. तो आवाज मी सात-आठ वर्षांत ऐकला नव्हता. मिठागराच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा.

"ए बाय! ए! कापूं नको! मनी हाय त्याला! मनी धरलंय, मनी! हात काढ तुझा!"

मुलींच्या पेन्सिली थांबल्या. मी आत धावले. आय कोपरावर उठून, गजांना धरून खाली बघत होती. खालच्या ग्रिलमधून हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला होता, त्यात कात्री. फांदी तुटलेली. हात फांदीसकट आत गेला.

मी काही बोलायच्या आत वहिनी वर आल्या. लाजल्याही नव्हत्या, हसत होत्या. कॉफीच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून त्यात फांदी खोचली होती. मणी वाटेत गळले असावेत, दोनच उरले होते. "चोरी पकडली आजींनी! अहो, मागून लावलं तर लाभत नाही ना. मनी प्लांट चोरूनच लावायचं असतं. पण काय आवाज आहे हो आजींचा! मी तर घाबरलेच. आणि काय ते, मनी हाय, मनी हाय!"

मागे दारात सहा मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांतली एक, वहिनींचीच, म्हणाली, "टीचर, आजी मनी का म्हणतात?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी सांगायचं ठरवलं. मला वाटलं, मी धीर करून खरं सांगतेय. शिकवताना लागतो तो आवाज मी लावला.

"आजींना मणी म्हणायचं होतं. हे बघा, हे असे मणी असतात वेलाला. हा मनी प्लांट नाही, कंद आहे. त्यांच्याकडे ण नसतो. ण ला न म्हणतात."

"अच्छा!" वहिनी म्हणाल्या. "त्यांच्याकडे म्हणजे, गावाकडे का?"

"हो. मिठागराकडची बोली आहे ती."

एका मुलीने वाकून विचारलं, "आजी, म्हणा ना, म-णी." आयने तिच्या गालावरून हात फिरवला. वहिनींनी माफी मागितली, बाटली तिथेच ओट्यावर ठेवली आणि मुलींना घेऊन गेल्या. कुणी शिकवणी सोडली नाही. कुणी काही बोललं नाही. मी ज्याला इतकी वर्षं घाबरत होते ते पाच मिनिटांत होऊन गेलं आणि छप्पर जागेवर होतं.

मी ओटा पुसत होते. मला जवळजवळ हलकं वाटत होतं.

"बाय," आय म्हणाली. "त्यांच्याकडं म्हंजे कोनाकडं?"

मी फडकं पिळलं. पुन्हा पिळलं. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

नंतर तिने बाटलीतल्या फांदीचा एक मणी तोडून मागितला. नखाने साल काढली, आतला पिवळा गर जिभेच्या टोकाला लावला आणि पदरात थुंकली. "कडू हाय. कडू करांदा. खायाचा नाय कोनी. तिला सांग, घरात पोरी हायत तिच्या." चार महिने ज्याच्यासाठी थांबलो होतो ते उत्तर असं मिळालं. मी खाली जाऊन सांगून आले. तेव्हा मी 'आई म्हणतात' असं म्हटलं.

त्यानंतर कुणी आलं की आय पहिल्यासारखी हसायची, हात जोडायची, डोळे मिटून घ्यायची. मी म्हटलं, "आता बोल की, आता काय." ती म्हणाली, "डॉक्टरांनी नको सांगितलंय." विनोद म्हणून म्हणाली असेल असं मी दोन-तीन दिवस धरून चालले. मग कळलं की नाही.

माझ्याशी ती बोलायची, वेलाबद्दल. कार्तिकात पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं, फांदी कापल्याने वेल मरतोय. मी तांब्या घेऊन गेले तर तिने अडवलं. "मरत नाय तो. वाललेला येल ओढूं नको, आपोआप सुटंल. पानी बंद कर. आत कंद निजलाय, पानी घातलंस तर कुजंल. डबा हाय तिथंच राहूं दे. मिरगाला उठंल."

"कडू आहे तर ठेवायचा कशाला?"

"कडू हाय म्हून काय झालं?" ती म्हणाली. "वाढवलाय ना आपन."

प्लास्टर निघालं तसं ती घरी जायला निघाली. मी राहा म्हटलं. म्हटलं मी, पण कसं म्हटलं ते तिने ऐकलं असणार. भाऊ गाडी घेऊन आला. चालता येत होतं थोडं, पण तीन जिने नव्हते जमणार. पुन्हा प्लास्टिकची खुर्ची, पुन्हा चौघे. मी पिशवी घेऊन मागून उतरत होते. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी दम घ्यायला खुर्ची टेकली. दारं उघडी होती. वहिनी, शेजारच्या बाई, शाळेतून आलेल्या मुली, सगळ्या निरोपाला उभ्या.

"या हो आजी परत," वहिनी म्हणाल्या. "आणि हो, तुमचा तो वेल पार वाळला. आमच्या ग्रिलमध्ये नुसती पानं पडतात. मेलाच ना तो? ओढून काढू का मी खालून? की पाणी कमी पडतंय?"

आयने तोंड उघडलं नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे, जागा दिली.

मला जे करायचं होतं ते मला नीट ठाऊक होतं. वरच्या जिन्यापासून मी 'आमच्याकडं', 'आमच्याकडं' असं मनात म्हणत आले होते. असं काही विचारलं जाईल हे माहीत नसताना, नुसतंच, कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून. मी पिशवी खाली ठेवली.

"ओढूं नका वयनी," मी म्हटलं. "पानी बंद कराचं. आत कंद निजलाय. आमच्याकडं असंच करतात."

वहिनींनी तोंडाला पदर लावला आणि खळखळून हसल्या. "अगं बाई! काय हुबेहूब काढलात हो आजींचा आवाज! पुन्हा म्हणा ना, पानी बंद कराचं!"

मुली हसायला लागल्या. शेजारच्या बाई हसल्या. भाऊ माझ्याकडे बघत राहिला, कारण त्यालाही ते शब्द माझे वाटले नव्हते. मला तरी कुठे वाटले होते? पानी म्हणताना जीभ मागे जायला निघाली होती, मी ती धरून पुढे आणली होती, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

"नक्कल नाही केली मी, वहिनी," मी म्हटलं. शुद्ध. प्रत्येक अक्षर जागच्या जागी.

"हो हो," त्या अजून हसत होत्या. "नाही ओढणार तुमचा वेल."

आय हसली नाही. रागावलीही नाही. तिने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि उचलणाऱ्यांना म्हणाली, "चला रं. उतरवा मना."